सवयींची झडती



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली पाडली आणि पुढे ती गावोगाव रुजली. ऊन उतरले, की सायंकाळी चार जणांचे विचार ऐकायला जमावे, ही आपल्याकडची उन्हाळ्यातली एक चांगली सवय आहे. अशा व्यासपीठांवरून आजवर पुष्कळांना प्रश्न विचारले गेले. सरकारला विचारले, रूढीला विचारले, धर्माला आणि श्रीमंतांनाही विचारले. श्रोत्यांना असे प्रश्न आवडतात, याचे एक कारण असे, की ते नेहमी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला विचारलेले असतात. आपण टाळ्या वाजवतो आणि निश्चिंत मनाने घरी जातो.

आज मी जो विषय घेतला आहे तो या दृष्टीने थोडा गैरसोयीचा आहे. सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत आपण जे करतो, आणि आयुष्यात ज्या लहानमोठ्या निवडी करतो, त्यांना आपले आपणच प्रश्न कसे विचारावेत, एवढाच तो विषय आहे. उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. आणि उपदेश झालाच, तर तो दाराशी झटकून जाण्याचा आपला अधिकार मी आधीच मान्य करून टाकतो.

आरंभ चहापासून करू. व्याख्यान संपल्यावर आपल्यापैकी पुष्कळजण तिकडेच वळणार आहेत. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या काही प्रतिष्ठित मंडळींना बोलावणे गेले होते. त्यांत रानडे होते, टिळक होते. तेथे सर्वांपुढे चहा आणि बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी घेतली नाहीत. पुढे हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आली आणि सनातनी मंडळींनी मोठे ग्रामण्य उभे केले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि अखेर १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. आता, वाद चहाचा नव्हता, तो कोणाच्या हातचा घेतला याचा होता, हे उघड आहे. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट मौजेची वाटते. त्या दिवशी त्या दिवाणखान्यात बसलेल्या प्रत्येकाला समोरचा पेला उचलावा की नाही याचा क्षणभर विचार करावा लागला. आज आपण दिवसातून चार पेले चहा घेतो आणि वर्षानुवर्षे एकाही पेल्यापाशी थांबत नाही. भूक आहे की नाही, तरतरी हवी आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. चार वाजले, चहा आला, आपण प्यालो.

सवय म्हणजे दुसरे काय असते? कधीकाळी केलेली आणि केल्याचे विसरून गेलेली निवड. आणि पुष्कळ सवयी तर याहून जुन्या असतात. त्यांची निवड आपण केलेलीच नसते. वडिलांनी, आजोबांनी, आळीने, जातीने ती करून ठेवलेली असते आणि आपण ती वाड्यातल्या जुन्या लाकडी पेटीसारखी वारशाने घेतो. पेटीत काय आहे हे उघडून न पाहता तिच्यावर रोज बसायला मात्र आपण शिकतो.

म्हणून सगळ्या सवयींवर उठायचे काय? तसे मी म्हणत नाही. पंचहौदच्या त्या चहाच्याच वर्षी, १८९० साली, विल्यम जेम्स या अमेरिकन पंडिताने मानसशास्त्रावरचा आपला दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सवयीवर एक प्रकरण आहे आणि त्यात जेम्सने सवयीची बाजू मनापासून घेतली आहे. केव्हा उठावे, केव्हा निजावे, कामाला कधी बसावे, हेही ज्याला रोज नव्याने ठरवावे लागते, त्याच्याइतका दुःखी माणूस नाही, असे त्याचे म्हणणे. ते खरे आहे. धोतराच्या निऱ्या काढताना किंवा नऊवारीचा काष्टा घालताना दर वेळी तत्त्वचिंतन करावे लागले, तर कचेरीही गाठता यायची नाही आणि स्वयंपाकघरही. हात आपले काम आपोआप करतात म्हणून डोके मोकळे राहते. खोच आहे ती इतकीच, की हे मोकळे डोके आपण कशाला वापरतो?

ते पुष्कळदा वकिली करायला वापरतो. बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. तरुणपणी त्याने मांसाहार सोडला होता आणि मासा मारणे ही एक प्रकारची अकारण हत्या आहे असे त्याचे ठाम मत होते. बोस्टनहून निघालेले त्याचे गलबत एका बेटापाशी वारा पडल्यामुळे अडकून पडले. खलाशांनी कॉड मासे पकडले आणि तळायला घेतले. वास सुटला. फ्रँकलिनला पूर्वी मासे फार आवडत असत. तत्त्व आणि जीभ यांची काही वेळ ओढाताण झाली. तेवढ्यात त्याला आठवले, की मासे चिरताना त्यांच्या पोटातून लहान मासे निघालेले आपण पाहिले आहेत. मग तुम्ही एकमेकांना खाता, तर मी तुम्हांला का खाऊ नये, असा विचार करून तो पोटभर जेवला. म्हातारपणी आत्मचरित्रात ही हकीकत सांगून तो वर मिस्कीलपणे म्हणतो, की माणूस बुद्धिमान प्राणी आहे हे किती सोयीचे! जे करायची इच्छा असेल, त्याला कारण सापडते, नाही तर बनवता तरी येते.

म्हणून स्वतःला ‘मी असे का करतो?’ हा प्रश्न विचारण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. ऐकायला तो मोठा गंभीर प्रश्न आहे; पण त्याचे उत्तर द्यायला आपली बुद्धी उभी राहते, आणि ती आपल्याच पगारावर असते. तंबाखू खाणाऱ्याला विचारा, तो पचन सांगेल. उशिरा उठणाऱ्याला विचारा, तो रात्रीची शांतता सांगेल. मुलाला त्याच्या मनाविरुद्ध इंजिनिअर करणाऱ्या बापाला विचारा, तो मुलाचे कल्याण सांगेल, आणि सांगताना त्याचा आवाजही दाटून येईल. कारणे सर्वांपाशी असतात. मला जास्त उपयोगी वाटतात ते दोन साधे प्रश्न. हे केव्हापासून चालू आहे, आणि त्याआधी या जागी काय होते? आणि दुसरा, माझ्या या सवयीची किंमत कोण देते?

दुसरा प्रश्न आधी घेऊ. १८७३ साली रानड्यांची पहिली पत्नी वारली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून त्यांचे नाव झालेले होते. त्याच वर्षी, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून, त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्यांच्यावर तेव्हा टीका झाली, आजही होते. पुढे वीस वर्षांनी असाच प्रसंग धोंडो केशव कर्व्यांवर आला. त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. त्यांनी १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी लग्न केले. मुरुडला गावाने बहिष्कार घातला आणि कर्व्यांच्या घरच्या माणसांना तो सोसावा लागला.

या दोन प्रसंगांवरून रानडे लहान आणि कर्वे मोठे असा निकाल देणे सोपे आहे. मी तो देणार नाही. रानड्यांच्या पिढीने वाट थोडी तरी झाडली नसती, तर कर्व्यांना तीवरून चालता आले नसते. मला दाखवायचे आहे ते निराळेच. विधुराने पुन्हा लग्न करायचे, तर मुलगी कोण? या प्रश्नाला त्या काळच्या समाजाचे उत्तर ठरलेले होते: लहान मुलगी. हे उत्तर कोणी विचार करून दिलेले नव्हते. प्रश्न विचारण्यापूर्वीच ते तयार असे. कर्व्यांनी जे केले ते इतकेच, की तयार उत्तर बाजूला ठेवून प्रश्न पुन्हा वाचला. आणि रानड्यांच्या बाबतीतही कथा लग्नापाशी संपत नाही. त्यांनी त्या मुलीला लग्न होताच लिहायला-वाचायला शिकवायला घेतले. त्यापायी घरातल्या बायकांची बोलणी तिने खाल्ली, ती कशी, हे रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. म्हणजे इथेही पाहा: रूढी पाळल्याची किंमत रमाबाईंनी दिली आणि रूढी मोडल्याची किंमतही बरीचशी रमाबाईंनीच दिली. रानडे दिवसभर कोर्टात असत.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. तर मग आजच्या स्वयंपाकघरात चला. ‘माझे खाणे अगदी साधे आहे हो, पोळी तेवढी तव्यावरून ताटात पडली पाहिजे,’ असे सांगणारे सज्जन आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत. साधेपणाचा त्यांना थोडा अभिमानही असतो. पण तव्यावरची पोळी ताटात पडायची, तर कोणीतरी तव्यापाशी उभे असावे लागते. आणि ते कोणीतरी सगळ्यांची पाने उठल्यावर निवलेली पोळी खाते. या गृहस्थांना ‘गरम पोळी का?’ असे विचारले, तर ते आरोग्यशास्त्र सांगतील. ‘गार पोळी कोण खाते?’ असे विचारले, तर सांगण्यासारखे काही राहत नाही. आणि हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला, तर घरात भांडण होते. स्वतः विचारला, तर फार तर एक दिवस ते गृहस्थ स्वतः तव्यापाशी उभे राहतील. बोटे भाजतील, पण त्याने कोणी मरत नाही.

आता पहिला प्रश्न: हे केव्हापासून, आणि आधी इथे काय होते? या प्रश्नासाठी मला चार्ल्स डार्विनइतके चांगले उदाहरण सापडत नाही, म्हणून त्याच्यापाशी थोडे रेंगाळतो. स्वतःच्या मताला प्रश्न विचारण्यात या माणसाचा हात धरणारा विरळा. त्याने अनेक वर्षे एक नियम पाळला होता. आपल्या सिद्धान्ताच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट वाचनात आली, पाहण्यात आली, नुसती मनात आली, तरी ती लगेच टिपून ठेवायची. कारण त्याचा अनुभव असा, की अनुकूल गोष्टी लक्षात राहतात आणि प्रतिकूल गोष्टी फार लवकर निसटतात. केवढी साधी आणि केवढी अवघड गोष्ट! आपण सारे याच्या नेमके उलट करतो. सुनेने केलेल्या शंभर चांगल्या गोष्टी विसरतो आणि एक खारट आमटी जन्मभर टिपून ठेवतो.

असा हा माणूस. आणि तरी १८७६ साली, सदुसष्ट वर्षांचा असताना, मुलाबाळांसाठी आत्मवृत्त लिहायला बसला, तेव्हा त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. तिशीपर्यंत त्याला काव्याची मनस्वी आवड होती. ‘बीगल’ जहाजावरच्या पाच वर्षांच्या प्रवासात, १८३१ ते १८३६ मध्ये, किनाऱ्यावर भटकायला निघताना एकच पुस्तक बरोबर न्यायचे झाले, तर तो मिल्टन उचलत असे. शेक्सपिअर त्याने शाळेत असताना तासन्‌तास वाचला होता. चित्रे आवडत, संगीत आवडे. आणि आता? आता कवितेची एक ओळही त्याच्याने वाचवत नव्हती. शेक्सपिअर पुन्हा उघडून पाहिला, तर कंटाळ्याने नकोसे झाले. संगीत ऐकले, तर त्याचे मन पुन्हा चालू कामाकडेच धावे. माहितीच्या ढिगातून नियम दळून काढणारे एक जाते, असे आपल्या मनाचे झाले आहे, अशी त्याची तक्रार आहे. त्याने लिहिले आहे, की पुन्हा जगायला मिळाले, तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचायची आणि थोडे संगीत ऐकायचे असा नियम मी करीन. कारण या आवडी जाणे म्हणजे सुख जाणे आहे, आणि कदाचित स्वभावालाही त्याने इजा पोचत असेल.

हे कसे झाले? एका दिवसात नव्हे. डाऊन या खेड्यातल्या घरी तो १८४२ पासून राहत होता, आणि त्याचा दिवस घड्याळासारखा चाले. ठरल्या वेळी काम, ठरल्या वाटेने फेऱ्या, ठरल्या वेळी पत्रे, दुपारी बायकोने वाचून दाखवलेली कादंबरी, रात्री तिच्याशीच बॅकगॅमनचे दोन डाव. या डावांचासुद्धा त्याने हिशेब ठेवला होता. त्याच १८७६ सालच्या जानेवारीत त्याने एका अमेरिकन मित्राला मोठ्या आनंदाने कळवले, की बायकोने २४९० डाव जिंकले आणि मी २७९५! त्या पाच हजारांवर डावांचा हिशेब ज्याच्यापाशी होता, त्याला कविता नेमकी कोणत्या वर्षी सुटली याचा हिशेब मात्र नव्हता. सवय येते तेव्हा दार वाजवत नाही. आणि तिला जागा करून देण्यासाठी जे बाहेर जाते, तेही चपला न वाजवता जाते. तब्येत सदा नादुरुस्त असलेल्या त्या माणसाला एवढे प्रचंड काम त्या नियमित दिवसामुळेच करता आले, हेही मी विसरत नाही. सवयीने त्याला दिले पुष्कळ. नेले काय, ते त्याला सदुसष्टाव्या वर्षी कळले.

त्याच्या घरी पियानो होता आणि पत्नी तो उत्तम वाजवीत असे. आयुष्याच्या अखेरीस त्याने गांडुळांवर प्रयोग केले. त्यांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी गांडुळांच्या कुंड्यांपुढे पियानो वाजवला. त्यांनी लक्ष दिले नाही. कुंडी पियानोवर ठेवून सूर काढला, तेव्हा मात्र कंपन जाणवून ती बिळात शिरली. हे पुस्तक १८८१ साली निघाले. इतक्या बारकाईने दुसऱ्याच्या कानांची चौकशी करणारा हा माणूस होता, हे वाचून हसूही येते आणि थोडे गलबलतेही.

पण डार्विनपाशी आणखी एक वस्तू होती, आणि व्यवहाराच्या दृष्टीने मला ती फार मोलाची वाटते. ती म्हणजे तपकिरीची बरणी. विद्यार्थिदशेपासून त्याला तपकिरीचे व्यसन होते. एकदा त्याने महिनाभर सोडून पाहिली, तर तो सुस्त, मंद आणि उदास होऊन गेला. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग त्याने शपथा वाहिल्या नाहीत. बरणी कामाच्या खोलीत न ठेवता बाहेर मेजावर ठेवली. चिमूट हवी असेल, तर खुर्चीवरून उठायचे, दार उघडायचे, तिथवर चालायचे आणि बरणीचे झाकण काढायचे. त्या झाकणाचा आवाज घरातल्या साऱ्यांच्या ओळखीचा झाला होता, असे त्याच्या मुलाने लिहिले आहे. सवय आणि हात यांच्यामध्ये त्याने दहा-वीस पावले घातली. ‘खरेच हवी आहे का?’ एवढा प्रश्न विचारायला तेवढी पावले पुरतात. काही वेळा उत्तर ‘होय’ असेच येत असेल. येऊ द्या. निदान विचारले तरी गेले.

आपल्याकडे तपकीर गेली आणि खिशात फोन आला. रात्री तो उशाशी असतो, सकाळी डोळा उघडण्याआधी हात तिकडे जातो. त्याच्यावर व्याख्याने पुष्कळ झाली आहेत, मी त्यांत भर घालीत नाही. रात्री तो दुसऱ्या खोलीतल्या फळीवर ठेवून पाहा, एवढेच सांगतो. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपण मोठ्या समाधानाने वापरतो. म्हण म्हणून ती चांगली आहे, पण ती वापरणारा बहुधा खोड सोडू इच्छीत नसतो. खोड जाणार नाही, हे मान्य. तिला परसदारी तर बसवता येईल!

कोणी विचारील, की रोज वही लिहावी काय? फ्रँकलिनने ती लिहिली होती. तेरा सद्गुणांची यादी, आठवड्याचे सात रकाने, चुकले की काळा ठिपका, आणि एका आठवड्याला एका गुणावर भर. मला स्वतःला त्या वहीपेक्षा डार्विनची बरणी जास्त आवडते. वहीत एक धोका असतो. ठिपके कमी झाले, की माणूस स्वतःच्या स्वच्छ पानांकडेच पाहत बसतो. फ्रँकलिन हे जाणून होता. नम्रता हा तेरावा गुण त्याने एका मित्राच्या टोचणीवरून घातला होता, आणि आपण पूर्ण नम्र झालो, तर बहुधा नम्रतेचाच गर्व करू, असे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. व्यवस्थितपणा तर त्याला अखेरपर्यंत साधला नाही. त्यावर त्याने एक गोष्ट दिली आहे. एकाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली. सगळे पाते धारेसारखे चकचकीत हवे म्हणाला. लोहार म्हणाला, देतो, तुम्ही सहाणेचे चाक फिरवा. फिरवता फिरवता गिऱ्हाइकाचे खांदे भरून आले. लोहार म्हणाला, अजून फिरवा, पाते अजून ठिपक्याठिपक्यांचे आहे. तो म्हणाला, राहू द्या, मला ठिपक्यांचीच कुऱ्हाड जास्त आवडते!

समोर बरेच निवृत्त गृहस्थ बसलेले दिसतात. हे सारे तरुणांना सांगा, आमचे आता काय राहिले, असे त्यांच्या मनात आले असेल, म्हणून पुन्हा कर्व्यांकडे वळतो. त्यांनी १८९६ साली विधवांसाठी काम उभे केले, १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. चाळीस वर्षे एकच काम, एकच वाट. लोकांच्या लेखी त्यांचे जीवितकार्य ठरून गेले होते. एवढ्या पुण्याईवर कोणीही स्वस्थ बसला असता, आणि त्याला कोणी नावे ठेवली नसती. पण १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले आणि पुन्हा दारोदार वर्गणी मागायला निघाले. खेड्यातले मूल शाळेत जात नाही, हे त्यांना त्याआधी दिसत नव्हते असे नाही. मुरुडसारख्या गावातच ते वाढले होते. पुढे १९४४ साली त्यांनी समता संघ काढला. तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते, आणि अजून अठरा वर्षे आपल्याला जगायची आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते.